मस्टरची प्रत आणि पोच



१ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या सार्वजनिक कामांवरील हजेरी मोबाइलवर घेणे सक्तीचे झाले. फोनात नाव दिसले की हजेरी लागली, असा मजुराचा समज होतो. वस्तुतः फोनातली नोंद ही नुसती प्रत. खरे मस्टर दूरच्या सर्व्हरवर. मग या दोहोंचा मेळ कसा राखायचा?

रॉय फील्डिंग यांनी २००० साली मांडलेल्या ‘रेस्ट’ पद्धतीत प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता असतो. ‘गेट’ने ती वाचावी, ‘पुट’ने त्या पत्त्यावर ठेवावी. रेंज तुटली, तर पुन्हा धाडावी. ‘पोस्ट’ दोनदा गेले तर नोंदी दोन होऊ शकतात. ‘पुट’ कितीदाही गेले तरी नोंद एकच.

आम्हा कामगारांचे म्हणणे एवढेच : सर्व्हरची पोच आल्याशिवाय फोनातली प्रत पुसू नये. तिच्याबरोबर दिवसाची मजुरी पुसली जाते.