रेणूचा स्वभाव आणि आरशांची खोली



आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झाले. शास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. पण एका प्रश्नाने आम्हांस फार वर्षे छळले आहे, म्हणून हे धाडस. प्रश्न असा, की एखाद्याचा स्वभाव त्याच्या अंगचा किती, आणि जागेचा किती?

रंगद्रव्याच्या रेणूला ऊर्जा मिळाली की तो ती क्षणभर धरतो आणि प्रकाशरूपाने परत करतो. किती काळ धरायची, हा त्याचा उपजत गुण, असे वाटे. १९४६ साली अमेरिकेत एडवर्ड पर्सेल यांनी एका छोट्याशा टिपणात दाखविले, की हा काळ भोवतालावरही अवलंबून असतो. बाहेर पडणाऱ्या लहरीला सामावून घेणारी जागा हवी.

समोरासमोर दोन आरसे ठेवले, तर मध्ये ठराविक लांबीच्याच लहरी टिकतात. सतारीच्या तारेवर ठराविकच स्वर उमटावेत तसे. हिरव्या प्रकाशासाठी हे अंतर मिलिमीटरचा सुमारे चारहजारावा भाग. मेळ जमला तर प्रकाश लवकर सुटतो, न जमला तर अडतो. १९८५ साली अमेरिकेत सीझियमचे उत्तेजित अणू दोन धातूच्या पट्ट्यांमधून सोडले. त्यांच्या लहरीला ती फट अरुंद पडली, आणि उत्तेजित अवस्था वीसएक पट अधिक टिकली.

शोषणाचे नवल आणखीच. एकाच दोरीला दोन सारखे लोलक टांगा. एकाचा झोका दुसऱ्याकडे जातो आणि परततो. पुष्कळ रेणूंचा आरशांमधल्या प्रकाशाशी सूर जुळला, की अशीच देवघेव चालते. मग शोषणाची एक खूण फुटून दोन होतात. एक तांबड्याकडे सरकते, दुसरी निळ्याकडे. १९९८ साली इंग्लंडात शेफील्ड येथे सेंद्रिय रंगद्रव्यात हे नेहमीच्या तापमानातच दिसले.

रेणूचा सांगाडा तोच. बदलली ती खोली.

एका कारखान्यात एका कामगारावर आळशीपणाचा शिक्का होता. युनियनचे असून आम्हीही तो खरा मानला. पुढे त्याला अंधाऱ्या, कोंदट खात्यातून उजेडात हलविले, आणि तोच माणूस इतरांच्या पुढे गेला. त्याची क्षमा मागायचे आमच्याकडून राहूनच गेले.

रेणूवरून माणसाचा कायदा काढता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु निर्जीव रेणूचीही परीक्षा शास्त्रज्ञ त्याची खोली पाहिल्यावाचून करीत नाहीत. माणसाच्या बाबतीत आपण एवढे तरी करावे, इतकेच सांगून आपली रजा घेतो.