मोगली एरंडाची कुंडली



वर्धा शहराला लागून असलेल्या सिंदी मेघेपासून थेट मेळघाटापर्यंत, विदर्भांत मोगली एरंड ओळखला जातो तो कुंपणाचें झाड म्हणून. गुरें त्याला तोंड लावीत नाहींत. त्याच्या बियांत वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकें तेल असतें. तें विषारी असल्यामुळें खाण्याच्या कामाचें नव्हे. परंतु दिव्याला व इंजिनाला चालतें. वर्ध्याला हा विचार नवा नाहीं. १९३४ सालीं येथें स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें रॉकेलऐवजीं वनस्पतितेलावर जळणारा 'मगनदीप' तयार केला होता.

इंजिनासाठीं हें झाड देशभर लावावें, हा बेत मात्र चालू शतकांतला. २००३ सालीं तत्कालीन नियोजन आयोगाच्या समितीनें पडीक जमिनींवर त्याची लागवड सुचविली. २००९ च्या राष्ट्रीय धोरणानें २०१७ पर्यंत २० टक्के जैवइंधन मिसळण्याचें उद्दिष्ट ठेविलें. डिझेलच्या बाबतींत त्याच्या जवळपासही पोंचतां आलें नाहीं. झाडें जगलीं, पण अनेक ठिकाणीं बी अपेक्षेइतकें आलें नाहीं. दोष एकट्या जमिनीचा नव्हता. लागवड आधीं झाली आणि झाडाची कुंडली मागाहून मांडली गेली.

प्रत्येक सजीवाची कुंडली डीएनएच्या चार अक्षरांत लिहिलेली असते. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या मोजणीप्रमाणें मोगली एरंडाच्या पेशींत २२ गुणसूत्रें असून, एका जनुकसंचांत सुमारें ४१ कोटी ६० लाख अक्षरजोड्या आहेत. भाताचा संच जवळजवळ एवढाच; माणसाचा सातपटींहून मोठा. २०१० च्या अखेरीस जपानच्या कझुसा संस्थेनें त्यांपैकीं सुमारें २८ कोटी ५० लाख अक्षरें जुळवून ४०,००० हून अधिक जनुकें अजमाविलीं.

संच लहान, म्हणून वाचावयास सोपा. चांगल्या गुणाची खूण एकदां सांपडली कीं ती कोंवळ्या रोपांतच तपासतां येते. फळासाठीं वर्षानुवर्षें थांबावें लागत नाहीं. अडचण निराळीच आहे. हें झाड मूळचें मेक्सिको व मध्य अमेरिकेंतलें. भारतांतील झाडांत परस्पर जनुकीय भेद फार थोडा आढळला. निवडण्यासारखा भेदच नसेल, तर सुधारलेलें वाण निघावें कोठून? त्यासाठीं मूळ देशांतील झाडांकडेच वळलें पाहिजे. मेक्सिकोंत तर विषरहित प्रकारही आहेत.

वर्ध्याचा शेतकरी कपाशीचें वाण विचारल्याविना सरकी घेत नाहीं. उद्यां कोणी मोगली एरंडाचीं रोपें दारीं आणलीं, तर त्यानें तोच प्रश्न करावा: हें वाण कोणतें, आणि साध्या शेतांत त्यानें किती बी दिलें आहे?