डोंगरवाटेवरील सायकल

सायकल येते असें म्हणणाऱ्या माणसाला एखाद्या डोंगरवाटेवर नेऊन उभें केलें, तर पहिल्या पन्नास पावलांतच त्याला आपल्या विद्येविषयीं शंका येऊं लागते. डांबरी रस्ता चाकाखालीं स्थिर असतो. डोंगरवाट तशी नसते. तेथें मुरूम घसरतो, दगड उलटतो, झाडांचीं मुळें आडवीं येतात. अशा वेळीं मनांत भय उत्पन्न होणें स्वाभाविक आहे. परंतु अडचण अशी कीं, भय त्या क्षणीं जो सल्ला देतें, तो बहुधा चुकीचा असतो. डोंगरांतील सायकल शिकणें म्हणजे मुख्यतः हा सल्ला नाकारण्याची शरीराला संवय लावणें होय.

समजा, चाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ पुण्याजवळील टेकड्यांवर ही विद्या शिकूं इच्छितो. साधी सायकल तो शाळेंत असतांनाच शिकला आहे. पण आतां घरीं मुलेंबाळें आहेत. हात मोडला तर महिना-दीड महिना कामाचा खोळंबा होईल, हें तो जाणतो. त्याचें भय पोरकट नाहीं. म्हणून ‘धीर धरा’ एवढें सांगून त्याचें भागणार नाहीं; काय करावें, हें सांगितलें पाहिजे.

पहिला पाठ टेकडीवर नव्हे, मैदानावर घ्यावा. शाळांच्या क्रीडासामन्यांत मंद सायकलीची शर्यत असते. जो पाय न टेकतां सर्वांच्या मागून पोहोंचेल, तो जिंकतो. मुलांना ती केवळ गंमत वाटते; वस्तुतः डोंगरांतील सायकलीचें पहिलें अक्षर तेंच आहे. वेग असतां तोल सहज राहतो. वेग नसतां तो राखणें, ही खरी विद्या. गवतावर आठ-पंधरा दिवस रोज अर्धा तास हा अभ्यास करावा. टायरांतील हवाही येथेंच पाहून घ्यावी. या सायकलींचे टायर दोन इंचांहून रुंद असतात. स्वाराच्या वजनाप्रमाणें दर चौरस इंचास साधारण २५ ते ३५ पौंड दाब त्यांना पुरतो. फार टणक टायर दगडावरून उसळतो. बेताचा मऊ टायर जमीन धरून राहतो. मात्र हवा अगदींच कमी असेल, तर दगड व रिम यांच्यामध्यें ट्यूब चिमटून पंक्चर होते.

दुसरा पाठ उभें राहण्याचा. उतार लागतांच भय सांगतें कीं, सीटवर घट्ट बसून राहा. तसें केल्यास प्रत्येक दगडाचा धक्का सरळ कंबरेला बसतो आणि सायकल स्वाराला उडवूं पाहते. यासाठीं सीट आधींच खालीं करावी, दोन्ही पेडलें जमिनीशीं समांतर ठेवून त्यांवर उभें राहावें, गुडघे व कोपर वांकवावे आणि टांचा किंचित् खालीं दाबाव्या. रिकिबींत उभा राहिलेला घोडेस्वार जनावराची उसळी आपल्या गुडघ्यांत जिरवितो, तसाच हा प्रकार आहे. पेडलें समांतर ठेवण्यास आणखीही एक कारण आहे. खालीं गेलेलें पेडल दगडावर आपटलें, तर स्वार पडण्याचा संभव असतो.

तिसरा पाठ दृष्टीचा, आणि तो सर्वांत कठीण. वाटेच्या मधोमध एक मोठा दगड आहे. दोन्ही बाजूंना हातभर मोकळी जागा आहे. भय सांगतें, दगडावर लक्ष ठेव. गृहस्थ दगडाकडे टक लावून पाहतो आणि नेमका त्यावरच जाऊन आदळतो. जिकडे दृष्टि, तिकडे मान. जिकडे मान, तिकडे खांदे. आणि खांद्यांमागून चाक. म्हणून दगड एकदां पाहून सोडून द्यावा आणि नजर दगडापलीकडील मोकळ्या वाटेवर, दोन-तीन सायकलींच्या अंतरावर, ठेवावी. वळणावर तर ती वळणाच्या शेवटापर्यंत न्यावी.

यापुढें ब्रेक. ब्रेकची चिंता या क्रीडेच्या जन्मापासूनची आहे. कॅलिफोर्नियांत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस टॅमलपायस नांवाचा पर्वत आहे. त्या भागांतील कांहीं तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन मातीच्या उतारांवरून खालीं येऊं लागले. २१ ऑक्टोबर १९७६ रोजीं त्यांनीं फेअरफॅक्स गांवाजवळ पहिली शर्यत लावली. पेडल उलटें दाबल्यावर लागणारा ब्रेक तेव्हां मागच्या चाकांत असे. खालीं येईपर्यंत तो इतका तापे कीं, आंतील ग्रीस जळून धूर निघे आणि तें पुन्हां भरावें लागे. ‘पुन्हां भरणें’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून त्या उतारालाच ‘रीपॅक’ म्हणूं लागले. पुढें १९७७ सालीं जो ब्रीझ यानें खास या कामासाठीं नवा सांगाडा बनविला, आणि १९९६ सालीं अटलांटाच्या ऑलिंपिक सामन्यांत या शर्यतीला स्थान मिळालें.

आपल्या गृहस्थाला लहानपणीं सर्वांनीं बजावलेलें असतें कीं, पुढचा ब्रेक दाबूं नकोस, तोंडावर आपटशील. म्हणून तो मागचाच दाबतो. मागचें चाक अडकून घसरतें आणि वेग मात्र कमी होत नाहीं. सायकल थांबूं लागली कीं, भार पुढच्या चाकावर येतो. त्यामुळें थांबविण्याचें बहुतेक काम पुढचा ब्रेकच करतो. तो एकाच बोटानें, हलक्या हातानें दाबावा व मागच्याची जोड द्यावी. त्याच वेळीं कंबर थोडी मागें न्यावी. हाताचा हिसका मात्र केव्हांही देऊं नये. वळणापूर्वींच वेग कमी करावा आणि वळतांना बाहेरच्या बाजूचें पेडल खालीं दाबावें.

चढावर गिअर आधींच हलका करावा. जोर लावतांना बदलूं गेल्यास चेन कुरकुरते व घसरते. उभें राहिल्यास मागचें चाक मुरमांत फिरत राहतें. म्हणून सीटच्या टोंकाशीं बसून छाती हँडलाकडे झुकवावी. पुढचें चाकही मग उचलत नाहीं.

इतकें करूनही पडण्याचा प्रसंग येतोच. हेल्मेट व हातमोजे हे यासाठींच आहेत. पडतांना ताठ हात पुढें केल्यास मनगट किंवा गळ्याजवळचें हाड मोडतें. अंग गोळा करून खांद्यावरून लोळणें बरें. परंतु याहून मोठें शहाणपण म्हणजे वेळीं उतरणें. अनोळखी उतार प्रथम पायीं चालून पाहावा. नीट उत्तर सांपडत नसेल, तर सायकल हातीं धरून खालीं यावें. त्यांत कमीपणा नाहीं.

वाटही आपल्या एकट्याची नसते. गुराखी, मोळीवाल्या, सकाळीं फिरावयास येणारे वृद्ध, या सर्वांना आधीं वाट द्यावी. पावसाळ्यांत ओल्या मातीवर चाकाच्या चरी पडतात, त्यांतून पाणी वाहतें आणि वाट खचते. त्या दिवसांत मैदानच बरें. वनखात्याची मनाई असेल, तेथें जाऊं नये.

असा अभ्यास कांहीं महिने चालला, म्हणजे तो गृहस्थ एके दिवशीं त्याच दगडाजवळून जाईल आणि दगड मागें पडल्याचें त्याला नंतर कळेल. भय गेलेलें नसतें. तें असतेंच, फक्त त्या क्षणीं हात, पाय व डोळे त्याचें ऐकत नाहींत.