दगड कुठे रोवायचा?



अमेरिकेतल्या यादवी युद्धाची झळ मुंबईलाही लागली होती. १८६१ ते १८६५ या काळात तिथल्या दक्षिणेचा कापूस अडकला आणि विलायतेतल्या गिरण्या आपल्या कापसावर तुटून पडल्या. मुंबईत पैशाचा पूर आला. युद्ध संपताच भाव गडगडले, पेढ्या बुडाल्या. आपल्याला ती तेजी-मंदी ठाऊक असते. आज मी त्या युद्धातल्या एका दगडाविषयी बोलणार आहे.

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या गेटिसबर्ग गावाबाहेर १८६३ च्या जुलैमध्ये १ ते ३ तारखेपर्यंत घनघोर लढाई झाली. मेलेले, जखमी, पकडले गेलेले आणि बेपत्ता असे दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे पन्नास हजार सैनिक तिथे कामी आले किंवा निकामी झाले. आज त्या रानात स्मारकं, फलक आणि खुणेचे दगड मिळून तेराशेच्या वर आहेत. त्यांतलं एक उत्तरेच्या बाजूने लढलेल्या ७२ व्या पेनसिल्व्हेनिया पायदळ पलटणीचं. एका बुटक्या दगडी गडग्याजवळ चौथरा आहे आणि त्यावर ब्राँझचा शिपाई. अंगात आखूड जाकीट. बंदूक त्याने नळीकडून धरली आहे आणि दस्ता सोट्यासारखा उगारला आहे. गोळी भरायलाही सवड नाही, शत्रू हाताच्या अंतरावर आलाय, तो हा क्षण.

ही पलटण फिलाडेल्फियाच्या आगीच्या बंबांवर काम करणाऱ्या तरुणांमधून उभी राहिली होती. ३ जुलैच्या दुपारी ती गडग्यावर नव्हती. मागे, टेकाडाच्या माथ्याआड राखीव होती. गडग्यावर तिचीच भावंडं होती, फिलाडेल्फियाचीच ६९ वी पलटण. दक्षिणी फौजेचे बारा हजारांच्या आसपास सैनिक उघड्या शेतातून चालून आले. त्यांचा जनरल आर्मिस्टेड थोड्या लोकांनिशी गडगा ओलांडून आत घुसला. या दोन्ही पलटणींच्या ब्रिगेडचे प्रमुख जनरल वेब यांनी ७२ व्या पलटणीला पुढे व्हायला सांगितलं. पलटण माथ्यावर आली, तिथेच थांबली आणि गोळीबार करत राहिली. वेब यांनी निशाणबरदाराच्या हातून निशाण ओढून घ्यायचा प्रयत्न केला. त्याने ते सोडलं नाही. शेवटी पलटण उतरली आणि गडग्याशी भिडली. या लढाईत तिचे १९२ लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. भेकडांची पलटण एवढे लोक गमावत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पुढे १८८७ मध्ये राज्य सरकारने आपल्या प्रत्येक पलटणीच्या स्मारकासाठी दीड हजार डॉलर मंजूर केले, आणि प्रश्न आला जागेचा. रणभूमीची देखभाल करणाऱ्या स्मारक संस्थेचा नियम असा: मुख्य स्मारक पलटणीच्या मूळ फळीच्या जागी उभारायचं, पुढे मुसंडी मारली असेल तर तिथे लहानशी खूण करायची. फळीच्या दोन टोकांना डावा-उजवा दाखवणारे छोटे दगड बसवायचे. त्या दोन दगडांमध्ये उभं राहिलं की पलटण किती लांब पसरली होती ते नुसत्या डोळ्यांनी कळतं.

या नियमाने ७२ व्या पलटणीची जागा मागे माथ्यावर येत होती. म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांना ते मान्य नव्हतं. आमची माणसं गडग्यावर पडली, आमचा दगड गडग्यावरच, असा त्यांचा हट्ट. प्रकरण कोर्टात गेलं. आणि १८९१ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पलटणीच्या बाजूने कौल दिला. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्राँझचा शिपाई गडग्याजवळ उभा राहिला.

माझं मत स्पष्ट आहे: नियम संस्थेचा बरोबर होता. सगळेच दगड पुढे सरकले, तर जी पलटण पहिल्यापासून गडगा धरून होती, त्या ६९ व्या पलटणीचं वेगळेपण कसं दिसायचं? शौर्य पुढे धावण्यात असतं तसं जागा न सोडण्यातही असतं. रणभूमीवरच्या दगडाने दोन्ही दाखवायला हवं.

तरीही हा खटला झाला याबद्दल मी त्या म्हाताऱ्यांचा ऋणी आहे. कारण खटला झाला म्हणून साक्षी झाल्या. पलटणीतले साधे शिपाई आणि खुद्द जनरल वेब, साऱ्यांनी शपथेवर सांगितलं: मी कुठे होतो, काय पाहिलं, निशाण कधी हललं. साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. पण त्या दुपारच्या काही मिनिटांचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्या कागदांपाशी यावंच लागतं. ब्राँझचा शिपाई एकच बाजू सांगतो. कागद सगळ्यांचं ऐकवतात.

मात्र त्या साक्षीदारांत एक माणूस नव्हता. त्याच टेकाडावर, वेब यांच्या फळीच्या उजव्या अंगाला, एब्रॅहम ब्रायन नावाच्या शेतकऱ्याचं घर होतं. तो कृष्णवर्णीय आणि स्वतंत्र होता, बारा एकरांचा मालक होता. दक्षिणेचे सेनापती जनरल ली यांची फौज पेनसिल्व्हेनियात शिरली तेव्हा तिने स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही धरून दक्षिणेत गुलामीत पाठवलं होतं. ब्रायन बायकामुलांसह आधीच निघून गेला. परत आला तेव्हा कुंपणं मोडलेली, पीक तुडवलेलं, घराची चाळण झालेली. त्याने १,०२८ डॉलर भरपाई मागितली. हाती आले १५.

ज्या गुलामगिरीवरून युद्ध पेटलं तिची झळ त्या टेकाडावर कुणाला लागली असेल तर या माणसाला. पलटणींना संस्था होत्या, निधी होता, वकील होते. ब्रायनच्या मागे यातलं काहीच नव्हतं. त्याची कैफियत उरली ती एका नामंजूर झाल्यासारख्याच अर्जात.

आपल्याकडेही स्मारकाच्या जागेवरून वाद होतात आणि ते मिटवण्याची आपल्याला घाई असते. मी म्हणतो, मिटवण्याआधी ते लिहून घ्या. दोन्ही पक्षांना नावानिशी बोलतं करा, छापून ठेवा. आणि ज्याची जमीन तुडवली गेली, त्याची साक्ष सर्वांत आधी घ्या. कारण त्याच्यासाठी कोर्टात जाणारी पलटण बहुधा नसते.