वाळवीचें कूळ



गेल्या पावसाळ्यांत माझी जुन्या पुस्तकांची पेटी उघडली, तों आंत पानांऐवजीं माती निघाली. वडिलांच्या हातची एक वही तींत होती. तिचे नुसते पुठ्ठे उरले होते. घरांतील मंडळींनीं वाळवीला यथेच्छ शिव्या दिल्या. मला मात्र दुसरीच गोष्ट टोंचूं लागली. इंग्रजी नांवाच्या भाषांतरावरून मीं वर्गांत कित्येक वर्षें वाळवीला ‘पांढरी मुंगी’ म्हटलें, आणि तें चूक होतें.

मुंगी ही मधमाशी व गांधीलमाशी यांच्या गणांतली. तिची कंबर बारीक, आणि तिचें पोर आधीं अळी, मग कोश, मग मुंगी असें पालटत जातें. वाळवीला तशी कंबर नाहीं कीं कोशही नाहीं. अंड्यांतून निघालेलें पिलूं म्हणजे लहान वाळवीच. झुरळाचेंही तसेंच. झुरळ आपलीं अंडीं दोन रांगांनीं एका डबींत बसवितें. ऑस्ट्रेलियांतील मास्टोटर्मिस नांवाची वाळवी आजही अंडीं तशींच दोन रांगांत चिकटवून घालते. २००७ सालीं लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयांतील संशोधकांनीं जनुकांची तुलना करून दाखविलें कीं, वाळवीचा निराळा गण मानण्यास आधार नाहीं. ती झुरळांच्याच वंशाची एक शाखा होय.

ही शंका मात्र जुनी आहे. उत्तर अमेरिकेच्या डोंगरांत कुजक्या ओंडक्यांतून राहणारें क्रिप्टोसर्कस नांवाचें एक बिनपंखी झुरळ आहे. तें लाकूड खातें. पण तें पचवितात त्याच्या आंतड्यांतले सूक्ष्म एकपेशीय जीव. क्लीव्हलँड या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें १९३४ सालीं दाखविलें कीं, हे भाडेकरू वाळवीच्या पोटांतल्या भाडेकरूंचे जवळचे भाऊबंद आहेत. पिलांना ते जन्मतः लाभत नाहींत. आईबापांच्या गुदद्वारांतून येणारा द्रव चाटल्यावरच मिळतात. नाक मुरडूं नका! त्या एका घोटासाठीं पिलें आईबापांना धरून राहतात, आणि तें कुटुंब एकाच ओंडक्यांत वर्षानुवर्षें नांदतें. वाळवीचें राजा-राणीचें राज्य अशाच एखाद्या कुटुंबांतून वाढलें असावें, असा तज्ज्ञांचा कयास आहे. आपल्याकडील वारुळें बांधणाऱ्या वाळवीनें ते भाडेकरू केव्हांच सोडले. ती आतां बुरशीची शेती करते.

पेटी मीं भिंतीपासून दूर, विटांवर ठेविली आहे. वही कांहीं परत येत नाहीं. पण माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी ऐकत असेल, तर ‘पांढरी मुंगी’ हे शब्द त्यानें खोडावेत आणि पुढें ‘झुरळाची बहीण’ असें लिहावें.