तिन्ही बाजूंना पाणी, मध्ये माळ

बारामती-इंदापूर म्हटलं की ऊस आणि द्राक्षबागा डोळ्यांपुढे येतात. मला बोलायचंय ते माळाविषयी.

उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा; दोघी नीरा-नरसिंहपूरला भेटतात. नीरेचा डावा कालवा 1885 सालचा, उजनी धरण 1980 चं. कडेनं पाणीच पाणी. मधला उंचवटा मात्र, सुप्यापासून कडबनवाडीपर्यंतचा, कोरडा. पाऊस वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास.

हा उंचवटा म्हणजे कौलारू घराचं आढं समजा. एका पाख्याचं पाणी कऱ्हेवाटे नीरेला, दुसऱ्याचं ओढ्यांनी भीमेला. कुसळी, पवन्या, मारवेल ही त्यावरची कौलं. वळवाचा पाऊस पडून गेला की पवन्याचा ठोंब हलवून बघा. मुळांनी माती घट्ट धरलेली असते. शेजारच्या नांगरलेल्या पट्टीतून मात्र गढूळ लोंढा निघालेला असतो. कौलं उचकटली की घर गळतं. इथं गळते ती माती, आणि खालचा पाझर तलाव तिनं भरतो.

आणि ही कौलं आपणच उचकटतो, तीही चांगल्या हेतूनं! पावसाळा आला की माळावर चर खणायचे, गिरिपुष्पाच्या रांगा लावायच्या, फोटो काढायचे. अहो, झाडं जरूर लावा. बांधावर लावा, ओढ्याकाठी लावा, शाळेच्या आवारात लावा. गवताळ माळावर नको. पुन्हा सांगतो: गवताळ माळावर नको.

कारण त्या आढ्यावर बिऱ्हाडं आहेत. धाविक पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. रंग मातीचा, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. चिंकाऱ्याला लांबवर दिसणारं मोकळं रान लागतं, लांडग्याला आणि खोकडालाही. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 साली झालं, पण ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लांडगा काही त्याची हद्द बघून थांबत नाही.

धनगरांच्या वाड्यांविषयी, माळाला विसावा देत मेंढरं चारण्याच्या पद्धतीविषयी सांगायचं होतं. ते आता राहिलं. वेळ संपत आलीय. एवढंच ध्यानात ठेवा: येत्या ग्रामसभेत वृक्षारोपणाचा विषय निघाला, तर हात वर करून आधी जागा विचारा. माळाचं नाव आलं, तर दुसरी जागा सुचवा.