सरकारची मदत हवी, मालकी नको
(जिल्हा बैठकीतील भाषण)



शेतकऱ्यांच्या संस्था उभ्या राहाव्यात म्हणून सरकार धोरण आखते. त्या धोरणात आपल्या गेवराई-माजलगावच्या कापसाला काय आहे, एवढेच आज बोलायचे आहे.

एकाधिकार खरेदी आठवा. 1971 चा कायदा, 1972 पासून खरेदी. पणन महासंघ नावाने सहकारी, पण भाव आणि चुकारा ठरायचा मुंबईत. कापूस आपला, आणि राज्याच्या सीमेपलीकडे नेला तर आपण चोर! पडत्या भावात योजनेने आधार दिला, हे आम्ही नाकारत नाही. पण तूट वाढली आणि 2002 मध्ये व्यापाऱ्यांना खरेदी खुली झाली. तीस वर्षे आपण कापूस घातला. गावात आपल्या मालकीचे काय उरले, ते घरी जाऊन मोजा.

2002 च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनीचा कायदा आला. शेअर कितीही असोत, माणशी एक मत. हे आम्हाला पटते. 2020 मध्ये केंद्राने अशा 10,000 संस्थांची योजना काढली. कचेरी आणि व्यवस्थापकाच्या खर्चाला तीन वर्षांत 18 लाखांपर्यंत, शिवाय सभासदाच्या भागभांडवलाइतकेच अनुदान, माणशी 2,000 रुपयांपर्यंत.

आता हिशेब करा. 300 सभासदांचे 6 लाख, सरकारचे 6 लाख. झाले 12 लाख. 2024-25 चा लांब धाग्याचा हमीभाव 7,521 रुपये. म्हणजे 160 क्विंटल कापूस, माणशी जेमतेम अर्धा क्विंटल! त्याच्या गाठी होतील तीस-बत्तीस, आणि व्यापारात सौदा चालतो 100 गाठींचा. व्यवस्थापक पगार घेऊन कचेरीत बसणार आणि वेचणीची मजुरी चुकती करायला आपण पुन्हा खेडा खरेदीच्या काट्यावर.

योजनेत 2 कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी आहे. पण हमी म्हणजे कर्ज नव्हे. कर्ज बँकेनेच द्यायचे, आणि बँक जुना ताळेबंद मागते. नव्या कंपनीने तो आणायचा कुठून?

ज्वारी गोदामात ठेवून पणन मंडळाच्या तारण योजनेत उचल मिळते. 1990-91 पासून ती योजना आहे. सुट्या कापसाचे तसे नाही. तो जागा खातो आणि एका ठिणगीत जातो. सरकी काढून 170 किलोची गाठ बांधली, की मग तो तारण ठेवण्याजोगा होतो. तेव्हा पैसा लागतो तो वेचणी ते गाठ या दोन-तीन महिन्यांत, आणि धोरणात नेमकी तीच जागा रिकामी आहे.

म्हणून आमची मागणी कचेरीच्या खर्चाची नाही. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत खेळते भांडवल द्या, पीककर्जाच्या व्याजाने. गाठी झाल्या की त्या तारण घ्या. दरवर्षी हिशेब तपासा, खाणारा सापडला तर आत टाका. मात्र संचालक मंडळावर सरकारी माणूस बसवू नका.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने एक आकडा आणावा: पहिल्या वेचणीतला किती कापूस दोन महिने पैशाविना कंपनीकडे ठेवता येईल? ज्याच्या दारात मजुरीवाले आणि दुकानदार उभे आहेत, त्याचे नाव त्यात धरू नका.